हंबकर पिकअपचं धातूचं कव्हर बदलायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कव्हर नुसतं शोभेचं असतं की त्याला काही काम असतं?

काम असतं. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारमधला, तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, आणि हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. कव्हर खालच्या बेसप्लेटला सोल्डरने जोडलेलं असतं आणि बेसप्लेट पिकअपच्या अर्थ वायरला. त्यामुळे दोन्ही कॉइलभोवती अर्थ केलेला धातूचा डबा तयार होतो. ट्यूबलाइट, डिमर, मोबाइल चार्जर यांची चरचर तो बाहेरच अडवतो. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम, म्हणजे सलग घूं आवाज, मात्र कव्हर अडवत नाही. तो दोन उलट्या कॉइल एकमेकींत वजा करून टाकतात.

गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी या पिकअपचा पेटंट अर्ज १९५५ साली केला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळालं. कव्हर त्या रचनेत पहिल्यापासून आहे. म्हणून ‘सोल्डरची कटकट नको, डिंकाने चिकटवू’ हा विचार सोडा. अर्थ न केलेलं कव्हर म्हणजे कॉइलच्या डोक्यावर ठेवलेला अँटेना. त्यापेक्षा उघडा पिकअप परवडला.

नव्या कव्हरने आवाज बदलेल का?

कव्हर कोणत्या धातूचं आहे त्यावर अवलंबून. तारा थरथरल्या की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कव्हरच्या पत्र्यातही भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरतात आणि वरच्या पट्टीतली ऊर्जा खातात. धातू जितका चांगला वाहक आणि पत्रा जितका जाड, तितकी ट्रेबल जास्त खाल्ली जाते.

जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, वीज पितळेपेक्षा बराच कमी वाहून नेतो. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो. पातळ जर्मन सिल्व्हरच्या कव्हरने वरची धार जराशी बोथट होते. बँडमध्ये वाजवताना अनेकांना ते कळतही नाही. जाड पितळी कव्हरने मात्र नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेजवळचा, चिखलात रुतल्यासारखा वाजतो. स्वस्त कव्हर लावल्यावर ‘गिटारचा जीवच गेला’ असं वाटतं, त्यामागे बहुतेक वेळा पितळच असतं.

दुकानदार जर्मन सिल्व्हर म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

कव्हरच्या आतल्या बाजूला, काठाजवळ, कटरच्या टोकाने ओरखडा काढा. मुलाम्याखाली पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर जर्मन सिल्व्हर. कधी मुलाम्याखाली तांब्याचा पातळ थर असतो, तेव्हा ओरखडा थोडा खोल न्या. मग सुटं कव्हर लोहचुंबकाला लावून बघा. निकेलच्या मुलाम्यामुळे किंचित ओढ जाणवली तर हरकत नाही, पण कव्हर खाडकन चिकटलं तर ते पोलादी आहे. ते परत करा, कारण पोलाद पिकअपचं चुंबकीय क्षेत्रच भलतीकडे वळवतं.

काही स्वस्त गिटारींवर मुलामा दिलेलं प्लास्टिकचं कव्हर असतं. नखाने टिचकी मारली की आवाजावरून कळतं. त्याला आयर्न लावलंत तर फक्त वास येईल.

कोणत्या मापाचं कव्हर घ्यायचं?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बाहेरचं माप साधारण सगळ्यांचं सारखं दिसतं. अडतं ते भोकांचं अंतर. ही भोकं पोलपीस स्क्रूंसाठी, म्हणजे तारांखाली रांगेत असलेल्या सहा स्क्रूंसाठी असतात. पहिल्या पोलपीस स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर, हे मोजायचं. मध्य नजरेने सापडत नाही, म्हणून पहिल्या स्क्रूच्या डाव्या कडेपासून सहाव्याच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्निअर लावा. उत्तर तेच येतं.

बाजारात मुख्यतः ४९.२, ५०, ५२ आणि ५३ मिमीची कव्हरं मिळतात. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींत नेकला ५० आणि ब्रिजला (तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळच्या पिकअपला) ५२ असतं, तेव्हा दोन्ही पिकअप वेगवेगळे मोजा. ‘४९.२ आणि ५० मध्ये पाऊण मिलिमीटरचाच तर फरक’ असं म्हणू नका. मधल्या भोकांतून स्क्रू नीट जातात, पण दोन्ही टोकांचे कडेला घासतात. भोक कानशीने मोठं केलंत तर मुलामा फाटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे हिरवट डाग धरतो.

शिवाय आतली लांबी-रुंदी, आणि रिंगमधून, म्हणजे पिकअपभोवतीच्या चौकटीतून, नवं कव्हर जाईल का, हेही बघा. उघड्या पिकअपसाठी बनवलेल्या काही रिंगा इतक्या घट्ट असतात की कव्हर चढवल्यावर रिंगही बदलावी लागते.

निकेल, क्रोम की सोनेरी?

क्रोमला निळसर झाक असते आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. निकेल उबदार, किंचित पिवळट, आणि हाताच्या घामाने मंद होत जातं. जुन्या गिटारीवर तेच शोभतं. सोनेरी मुलामा सर्वांत पातळ. उजव्या हाताचा तळवा ब्रिज पिकअपवर टेकवून वाजवणाऱ्याने तो घेऊ नये.

सोल्डरच्या दृष्टीने निकेल सर्वांत सोपं आणि क्रोम सर्वांत अवघड. गिटारचा जुना ब्रिज आणि टेलपीस, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, निकेलचे असतील तर क्रोमचं कव्हर बाजूला वेगळं उठून दिसतं.

काय काय सामान लागेल?

६० ते ८० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, छिन्नीसारखी चपटी बिट, ६०/४० रोझिन-कोअर सोल्डर, सोल्डर पंप, सोल्डर विक (वितळलेलं सोल्डर टिपून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी), मल्टिमीटर, धारदार कटर, २२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, जाड रबरबँड किंवा छोटा क्लॅम्प, लाकडाचे दोन तुकडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत सगळं मिळून जातं. कव्हर तेवढं गिटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन.

घरातल्या २५ वॉटच्या आयर्नने हे काम करू नका. या पानावरची हीच सूचना सर्वांत जास्त मोडली जाते. बेसप्लेट मोठी असते, उष्णता शोषत राहते. छोटं आयर्न अर्धा मिनिट टेकवलं तरी सोल्डर नीट वितळत नाही, आणि तेवढ्या वेळात ती सगळी उष्णता बॉबिन (कॉइल ज्यावर गुंडाळतात ते रीळ) आणि कॉइलपर्यंत पोचलेली असते. दमदार आयर्न चार सेकंद टेकवणं पिकअपला कमी त्रासाचं.

आणखी एक. नवसागर किंवा पत्रेवाले वापरतात ते ॲसिड फ्लक्स इथे चालत नाही. कल्हईला ठीक आहे, पण कॉइलची तार ०.०६ मिमीच्या आसपास जाडीची असते. ॲसिडचा अंश आत राहिला तर काही महिन्यांनी ती कुठेतरी आतल्या आत तुटते.

जुनं कव्हर काढायचं कसं?

आधी मोजमाप. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून पिकअपचा रोध कागदावर लिहून ठेवा. जुन्या धाटणीच्या हंबकरला तो साधारण ७ ते ९ किलोओहम येतो. हा आकडा नंतर तुमचा साक्षीदार.

तारा सैल करा, बॉडीवर जाड फडकं अंथरा, रिंगचे चार स्क्रू काढा. पिकअप वायरीवर लोंबकळत ठेवून काम करू नका. व्होल्यूम पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, त्याचा सांधा सोडवून तो टेबलावर घ्या. लॅकरवर सोल्डरचा एक थेंब पडला की डाग कायमचा.

पिकअप उलटा धरलात की कव्हरचा काठ बेसप्लेटला जिथे टेकतो तिथे, लांब बाजूंच्या मध्यावर, सोल्डरचे दोन लांबट टिपके दिसतील. आयर्न तापवून बिटवर थोडं नवं सोल्डर घ्या, ते जुन्या टिपक्यावर टेकवा आणि वितळताच पंपाने ओढा. उरलेलं विकने टिपा. एका वेळी चार-पाच सेकंद, मग पिकअप पुन्हा हाताला गार लागेपर्यंत थांबा. दोन्ही टिपके असे साफ झाल्यावरही मध्ये केसाएवढा सोल्डरचा पापुद्रा राहतो. त्या फटीतून कटरचं पातं काठाला समांतर, वरच्या वर फिरवा. पातं एक-दोन मिमीपेक्षा आत जाऊ देऊ नका. पलीकडे काळी टेप आहे आणि टेपच्या मागे लगेच कॉइल.

मग पोलपीस स्क्रू खाली, बॉबिनशी समतल होईपर्यंत फिरवा आणि कव्हर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवत वर उचला. येत नसेल तर आत मेण आहे. हेअर ड्रायरची मध्यम गरम हवा दोन-तीन मिनिटं द्या, सुटेल.

स्क्रूड्रायव्हर घालून तरफेसारखं उचकटायचं नाही. दुरुस्तीला येणाऱ्या मेलेल्या हंबकरांत कॉइलच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरची खूण हा फार ओळखीचा देखावा आहे.

बेसप्लेटच्या तळाचे चार स्क्रूही सैल करावे का?

नाही. ते बॉबिन धरून ठेवतात. ते सैल झाले की चुंबक आणि लाकडी पट्टी सरकते, आणि चुंबक उलटा बसला तर दुसऱ्या पिकअपबरोबर वाजवताना आवाज पोकळ येतो.

नवं कव्हर बसवायची पद्धत?

ज्या बॉबिनला स्क्रू नसतात तिच्या माथ्यावर मास्किंग टेपची एकच पट्टी लावा. कव्हरचा माथा आणि बॉबिन यांत हवा राहू नये हा हेतू. दोन-तीन थर दिलेत तर कव्हर खाली टेकणार नाही.

बेसप्लेटच्या कडेला, सांधा येणार त्या दोन जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. समोरच्या कव्हरच्या काठाच्या आतल्या बाजूसही तसंच करा. प्रत्येकी बारा-पंधरा मिमी लांबी पुरते. दोन्ही जागांवर आधीच सोल्डरचा पातळ लेप द्या.

कव्हर चढवा, स्क्रू भोकांतून वर आणून मध्यावर आहेत का बघा. पिकअप उलटा करून माथ्याखाली मऊ कापड ठेवा आणि बेसप्लेट क्लॅम्पने खाली दाबा. दाब नसेल तर पुढे सगळं फुकट. आता बिट एकाच वेळी बेसप्लेट आणि कव्हर दोन्हींना टेकवा, दोन सेकंदांनी सोल्डर द्या, टिपका साधारण एक सेंटिमीटर लांब झाला की आयर्न उचला. क्लॅम्प तसाच ठेवून पूर्ण गार होऊ द्या. मग दुसरी बाजू.

चांगला सांधा कसा दिसतो? कडा पातळ होत दोन्ही धातूंवर पसरलेल्या, पृष्ठभाग गुळगुळीत. गोळा होऊन वर बसला असेल, कडेला घडी असेल, तर तो चिकटलेला नाही, नुसता टेकलेला आहे.

क्रोमवर सोल्डर धरतच नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळतं.

धरणारच नाही. क्रोमियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा कडक थर येतो आणि रोझिन तो काढू शकत नाही. उष्णता वाढवून उपयोग नाही. तेवढ्या जागेवरचं क्रोम पूर्ण घासून काढा, खालचं निकेल किंवा मूळ धातू उघडा पडला पाहिजे. छोटी कानस बरी पडते. खरवडलेलं खालच्या बाजूला येतं, बसवल्यावर कुणाला दिसत नाही.

बसवल्यावर मोठ्या आवाजात शिट्टी येते. काय चुकलं?

कव्हर आणि बॉबिन यांच्यात पोकळी राहिली. ॲम्पच्या आवाजाने कव्हरचा पत्रा थरथरतो, ती थरथर पिकअप पुन्हा ॲम्पकडे पाठवतो, आणि चक्र सुरू होतं. कव्हरवर नखाने टकटक करा. स्पीकरमधून मायक्रोफोनसारखा ठणठणीत आवाज आला तर हेच.

उपाय मेणाचा. मेणबत्तीचं पॅराफिन ४०० ग्रॅम आणि मधमाशांचं मेण १०० ग्रॅम एका डब्यात घ्या. हा डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पातेलं इंडक्शन किंवा हॉटप्लेटवर. उघड्या ज्योतीवर कधीही नाही, मेणाची वाफ पेट घेते. थर्मामीटर मेणातच बुडवा आणि ६० ते ६५ अंश सेल्सियस राखा. जुन्या धाटणीची ब्युटिरेट प्लास्टिकची बॉबिन याच्यावर गेली की वाकते, मग सहा स्क्रू एका रेषेत राहत नाहीत. पिकअप वायरीने धरून बुडवा, डब्याच्या तळाला टेकू देऊ नका. बुडबुडे निघतात. ते थांबले की काढा. दहा ते वीस मिनिटं लागतात. मेण घट्ट होईपर्यंत कव्हर दाबून ठेवा, मग कोमट असतानाच फडक्याने पुसा.

मेणाने दोष झाकला जातो, पण सैल सांधा बरा होत नाही. आधी सांधे तपासा.

उघड्या पिकअपला कव्हर चढवता येतं का?

बहुतेकांना येतं. रेल (स्क्रूंऐवजी सलग धातूची पट्टी) असलेल्या, दोन्ही रांगांत ॲलन स्क्रू असलेल्या किंवा नेहमीपेक्षा मोठ्या बॉबिनच्या पिकअपला साधं कव्हर बसत नाही. बेसप्लेट कधी कधी पितळी असते, तीही सोल्डर धरते. बेसप्लेटला अर्थ आहे ना, हे मात्र आधी मल्टिमीटरने बघा.

नुसतं कव्हर काढून टाकलं तर?

१९६०च्या दशकात अनेक ब्रिटिश ब्लूज-रॉक वादकांनी तेच केलं. ट्रेबल थोडी मोकळी होते, आणि पिकअप तारांच्या किंचित जवळ नेता येतो. ‘आवाज वाढला’ असं वाटतं त्यात या जवळ येण्याचाही वाटा असतो. कॉइलवरची काळी टेप मात्र शाबूत ठेवा.

चार वायरींच्या पिकअपमध्ये काही वेगळं?

उघडी वायर बेसप्लेटची. ती नेहमी अर्थलाच. बाकी रंगांचा भरवसा धरू नका: सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी वायर सिग्नलची, तर डिमार्झिओच्या पिकअपमध्ये लाल. ज्या दोन वायरी एकमेकींना जोडून टेप केलेल्या असतात, त्यांचा सांधा नव्या कव्हरला टेकला तर एक कॉइल बंद पडते.

फेंडरच्या टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपचं कव्हरही असंच बदलायचं?

नाही. तिथे कव्हरला खाली वळवलेल्या तीन पट्ट्या असतात आणि त्यांतल्या एकीवरून छोटी वायर पिकअपच्या काळ्या वायरीकडे जाते. आधी ती सोडवा, मग पट्ट्या पक्कडीने एकदाच सरळ करा. दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात. भोकं नसल्याने अंतराचा प्रश्न नाही, पण कॉइल कव्हरच्या भिंतीलगत असते, म्हणून कव्हर तिरकं न करता सरळ वर उचला.

दोन्ही पिकअप सिरीजमध्ये किंवा उलट फेजमध्ये जोडायचे असतील तर कव्हरची वायर काळ्या वायरीपासून तोडून स्वतंत्रपणे अर्थला न्या. नाहीतर कव्हरमध्येच सिग्नल येतो आणि बोट लागलं की घूंऽऽ.

माझ्याकडे जुनी गिटार आहे, पिकअपखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं लेबल आहे.

हात लावू नका. ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं सांगणारं ते लेबल गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरांवर असे. कारखान्यातला न तुटलेला सोल्डर हाच त्या पिकअपच्या अस्सलपणाचा पुरावा मानला जातो. नुसतं आत डोकावण्यासाठी उघडलं तरी किंमत उतरते. लेबल आहे म्हणून अस्सल असंही नाही. तसली लेबलं छापून विकली जातात. अस्सलची खात्री जाणकाराकडून करून घ्या. कव्हर आधीच बदललेलं असेल तरी मूळ जुनं कव्हर जपून ठेवा.

काम नीट झालं हे कसं तपासायचं?

गिटारीत बसवण्याआधी मल्टिमीटर. कव्हर आणि अर्थ वायर यांच्यात रोध एक ओहमच्या आत. सिग्नल आणि अर्थ यांच्यात सुरुवातीला लिहिलेला आकडा. पिकअप अजून गरम असेल तर तो थोडा जास्त दिसतो, तेव्हा तासाभराने पुन्हा मोजा. आकडा निम्मा आला तर एक कॉइल कुठेतरी कव्हरला किंवा बेसप्लेटला टेकून शॉर्ट झाली आहे. काहीच आकडा न येता उघडं दाखवलं तर तार तुटली. बहुतेकदा टेपखाली, जिथे बारीक तार जाड वायरीला जोडलेली असते तिथे. तो सांधा भिंगाखाली पुन्हा करता येतो. आतल्या वेढ्यात तुटली असेल तर कॉइल नव्याने गुंडाळणाऱ्याकडे द्यावी लागेल.

शेवटी उंची. कव्हरमुळे माथा अर्धा मिलिमीटर वर येतो, तेवढा पिकअप खाली घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ब्रिजला दीड ते दोन आणि नेकला दोन ते अडीच मिलिमीटर अंतरापासून सुरुवात करा.

पावसाळ्यात कव्हर काळवंडतं. काय लावायचं?

वाजवून झालं की कोरडं सुती फडकं, बस. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि महिन्याने वाळवा. निकेलवर सौम्य मेटल पॉलिश वर्षातून एकदा चालेल, तेही कव्हरभोवती मास्किंग टेप लावून, म्हणजे स्क्रूच्या भोकांत जाणार नाही. सोनेरीवर पॉलिश नको. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर तर अजिबात नको. देवघरातल्या समईला चमकवणारी वस्तू इथे मुलामाच उतरवते.